उभ्या उभ्या

श्रावणातली गोष्ट. दुपारी पाऊस थांबून ऊन पडलं होतं, बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांचा दमट वास घरभर भरला होता, आणि मी ओट्याशी उभी राहून एका हातानं पोळीचा तुकडा मोडत दुसऱ्या हातानं धाकटीची वही तपासत होते. सकाळी तिला 'माझी आई' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. शाळेत असती तर वही बाईंकडे गेली असती. आमच्याकडे बाई मीच, आणि त्या दिवशी विषयही मीच. तिसऱ्या ओळीत 'उभि' लिहिलं होतं. मी लाल पेन्सिलीनं पहिली वेलांटी खोडून दुसरी काढली, समासात सवयीनं 'दीर्घ' असं लिहिलं आणि पुढे सरकले. सातव्या ओळीपाशी काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटलं, म्हणून पुन्हा वर आले. ओळ अशी होती, 'माझी आई उभी राहून जेवते.' आणि तिच्या खाली, 'ती देवाला पण जाता जाता नमस्कार करते.'

तक्रार नव्हती त्यात. 'आईला पिवळा रंग आवडतो', 'आई छान रांगोळी काढते' यांच्या मधोमध, त्याच सुरात, त्याच गोल अक्षरात लिहिलेलं. आठ वर्षांच्या मुलीला दिसलं ते तिनं लिहिलं. मला मात्र त्या दुपारी हातातली पोळी गिळवेना. त्याहूनही जास्त लागलं ते हे, की मला आधी वेलांटी दिसली आणि मग वाक्य.

थोरला तिसरीत असताना आम्ही त्याला शाळेतून काढला. का काढला ते इथे पुन्हा उगाळत नाही. ज्यांनी तो निर्णय घेतलाय त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांनी नाही त्यांना चार ओळींत पटायचं नाही. चार वर्षं झाली. आता तो बारा वर्षांचा आहे. धाकटी शाळेत गेलीच नाही. लग्नकार्यात अजूनही कोणीतरी काळजीनं विचारतं, "अगं, पण दहावीचं काय?" मग दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा, हे सगळं मी शांतपणे सांगते. सांगताना आवाज शांत असतो. आत मात्र दर वेळी पोटात गोळा येतोच. शाळेत जाणारं मूल गणितात मागे पडलं तर शाळेला, शिकवणीला, अभ्यासक्रमाला, कशालाही बोल लावता येतो. घरी शिकणारं मूल अडलं की सगळ्या माना आईकडे वळतात, आणि त्यांच्याआधी आईची स्वतःची मान खाली जाते. त्या भीतीपायी मी गेली चार वर्षं सकाळी साडेपाचपासून उभी आहे असं म्हटलं तरी चालेल. दूध, डबा, नऊ ते बारा अभ्यास, मधेच कुकर, गच्चीवरच्या बाटलीतला पाऊस मोजून तक्त्यात भरणं, दुपारी एकाचं वाचन आणि दुसरीचे पाढे, संध्याकाळी मंडईचा हिशेब थोरल्याकडून करून घेणं. या सगळ्याला बसायला खुर्ची लागते ती मुलांना. मी त्यांच्या मागे उभी.

आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. "तू थकत कशी नाहीस?" असं कोणी म्हटलं की ते मी मनात जपून ठेवायची.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मुलांना घेऊन पर्वतीवर गेले. पेशव्यांचा इतिहास चालू होता, नानासाहेबांनी बांधलेलं देऊळ आणि वरचं संग्रहालय दाखवायचं ठरलं होतं. पायऱ्या ओल्या होत्या, कडेच्या गवताचा हिरवा वास येत होता, मुलं मोठ्यानं पायऱ्या मोजत पुढे पळाली. त्याच पायऱ्या कॉलेजात असताना मी न थांबता चढायची. त्या दिवशी अर्ध्या वाटेवर कानात पाणी शिरल्यासारखा आवाज यायला लागला, छाती धडधडायला लागली आणि समोरची पायरी एकदम पांढरी झाली. मी कठड्याला धरून खाली बसले. आजूबाजूनं सत्तरीचे आजोबा रोजच्या फेरीला टकटक काठी टेकत वर जात होते. थोरला धावत खाली आला. घाबरला होता, पण आकडा विसरला नव्हता. "आई, तू एकसष्टाव्या पायरीवर बसलीयस." मग माझ्या शेजारी बसून त्यानं पाण्याची बाटली उघडून दिली. किती दिवसांनी मी दिवसाउजेडी नुसती, काही न करता बसले होते, असा विचार त्या चक्करलेल्या डोक्यातही येऊन गेला.

डॉक्टरबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि काही न बोलता रक्ताची चिठ्ठी लिहिली. हिमोग्लोबिन ८.६ आलं. बाईला ते निदान १२ हवं. "पाळीत फार जातं का?" त्यांनी विचारलं. जात होतं, दीड वर्षापासून. चाळिशीनंतर असंच असतं म्हणून मी ते बाजूला सारलं होतं, जशी शिवायची राहिलेली बटणं सारतो तसं. सोनोग्राफी झाली, काळजीचं काही निघालं नाही, त्यावरची औषधं सुरू झाली. मग प्रश्न आला, "चहा कधी घेता?" जेवल्या जेवल्या, असं मी सांगितलं. तोच तर माझा दिवसातला एकमेव आराम. "तो आधी तिथून हलवा. पालेभाजी खाऊन वर चहा प्यायलात तर त्यातलं लोह अंगाला लागतच नाही. जेवणात लिंबू पिळा, चहा तास-दीड तासानं घ्या." लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि आकडा सुधारला तरी पुढे काही महिने त्या सोडायच्या नाहीत असं बजावलं, कारण नुसतं रक्त वाढून भागत नाही, शरीरातला साठाही भरावा लागतो.

घरी आल्यावर थोरल्याला शेकडेवारीचा धडा राहिला होता. शंभर चौकोनांचा कागद घेतला आणि उदाहरण शोधताना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा समोर आला. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त जणींना रक्तक्षय होता. देशात ५७ टक्के. त्यानं लाल खडूनं चौपन्न चौकोन रंगवले. अर्ध्याहून जास्त कागद लाल झाला. त्यानं कागद थोडा लांब धरून पाहिला आणि विचारलं, "यात तू कुठला चौकोन?" मी एकावर बोट ठेवलं. त्यानं त्या चौकोनात बारीक अक्षरात 'आई' लिहिलं. तो कागद अजून फ्रीजवर आहे.

माझी आजी गोरी होती, असं सगळे म्हणायचे. साताऱ्याकडच्या आमच्या घरात तिच्या रंगाचं कौतुक होतं. उन्हात राबूनही कशी गोरीपान राहिली, असं बायका म्हणायच्या. आता तिचा चेहरा आठवते तेव्हा तो रंग मला वेगळाच दिसतो. ओठ फिकट, नखं पांढरी आणि मधे दबलेली, जिना चढल्यावर उंबऱ्याशी टेकून घेतलेला श्वास. सगळ्यांची पंगत उठल्यावर ती जेवायची. भाजी संपलेली असायची, तेव्हा ताक-भाकरी आणि वर गुळाचा चहा. कोणी तिची पापणी ओढून पाहिली नसेल. ती गोरी नव्हती, असं आता वाटतं, आणि ते वाटल्यापासून तिचा जुना फोटो माझ्यानं नीट बघवत नाही.

पण त्याच आजीची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पहिल्या गोष्टीनं पुसली जात नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की ती हरिपाठाला बसायची. पाटावर, पाठ ताठ, पदर डोक्यावरून घेतलेला. सत्तावीस अभंग होईपर्यंत तिला हाक मारायची नाही, हा घरातला नियम होता, आणि तो आजोबांनाही लागू होता. गोठ्यात म्हैस हंबरली, दारात पाहुणा आला, चुलीवरचं दूध वर आलं, काहीही झालं तरी कोणीतरी दुसरं उठायचं. दिवसभर सगळ्यांची असलेली ती बाई तेवढा वेळ कोणाची नसायची. समईच्या उजेडात तिचे हलणारे ओठ आणि तुपाच्या वातीचा वास. मी तिच्या मांडीला टेकून झोपून जायची. मला अभंग कधी पाठ करावे लागले नाहीत, ते झोपेत पाठ झाले. घरी शिकणं म्हणजे काय, हे मला बहुतेक तिथेच कळलं होतं, नाव माहीत नव्हतं इतकंच.

त्या हरिपाठाची पहिलीच ओळ. 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी.' इतक्या वर्षांत हजारदा म्हटली असेन. वहीतल्या त्या दोन वाक्यांनंतर ती मला म्हणवेनाच. मी दिवसभर उभी होते, पण त्या दारात नव्हते. सकाळी देवघरावरून जाताना पीठ लागलेला हात कपाळाला लावायचा, "विठ्ठला" म्हणायचं आणि पुढे. क्षणभर सुद्धा नव्हता तो. मुलांना मात्र मी रोज हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना म्हणायला लावत होते, आणि त्यांचे डोळे मिटलेले असताना भाजीला फोडणी देऊन येत होते.

डॉक्टरबाईंनी उपासांबद्दलही विचारलं होतं. संकष्टी, दोन्ही एकादश्या, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार. त्या दिवशी माझ्या पोटात साबुदाणा, बटाटा आणि चार-पाच कप चहा एवढंच जायचं. "निदान सहा महिने थांबवा," त्या म्हणाल्या. गोळ्या घेणं सोपं होतं, हे ऐकणं अवघड गेलं. लग्नाआधीपासूनची एकादशी. देवासाठी म्हणून माझ्याकडे नियमानं होत असलेली तेवढी एकच गोष्ट उरली होती, तीही सोडायची? सासूबाईंना सांगायचं कसं याचं वेगळं दडपण. त्या धाकटीला पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, शिकवत बसल्या होत्या. मी चाचरत सांगितलं. त्यांनी पाढा थांबवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अगं, उपवास म्हणजे काय? उप म्हणजे जवळ. त्याच्याजवळ वास करायचा. तू एकादशीला दिवसभर गॅसजवळ असतेस. खा भाकरी, आणि दहा मिनिटं त्याच्याजवळ बस. मी सांगते, चालतं त्याला." मग मुलीकडे वळून, "हं, पावकी पंचे?" आणि धाकटीचं उत्तर, "सव्वा."

पुढच्या एकादशीला मी भाकरी खाल्ली. घशाखाली उतरताना अपराधी वाटलं, हे लपवत नाही. अजूनही थोडं वाटतं. पाया पडताना मनात येतं की बाकीचे आज उपाशी आहेत आणि मी जेवून आलेय. ती टोचणी गोळ्यांनी जाणारी नाही आणि सासूबाईंच्या शब्दांनीही पूर्ण गेलेली नाही. तिला घेऊनच मी देवापुढे बसते.

याच दिवसांत मुलांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगत होते. रमाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. वडील, अनंतशास्त्री डोंगरे, थकले होते, म्हणून त्यांना शिकवलं ते आईनं, लक्ष्मीबाईंनी. साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. लक्ष्मीबाईंना स्वतःला संस्कृत नवऱ्यानं शिकवलेलं, त्यासाठी लोकांचा रोष पत्करून. दिवसभर घरकामाचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रगाडा, म्हणून ही आई भल्या पहाटे, पाखरं बोलायच्या वेळेला, लेकीला लाडानं उठवायची आणि तिच्याकडून धडा म्हणून घ्यायची. याच मुलीला पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हणून गौरवलं. ही गोष्ट मी पूर्वी अनेकदा सांगितली होती, घरी शिकवण्याच्या बाजूचा भक्कम पुरावा म्हणून. लग्नकार्यात दहावीचं विचारणाऱ्यांनाही सांगितली होती. या वेळी सांगताना मात्र पुढच्या भागाशी अडले. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थांतीर्थांतून पायी हिंडत राहिलं आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात सापडलं. आधी वडील गेले, पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या. उपासमारीनं.

"खायलाच नव्हतं?" धाकटीनं विचारलं.

नव्हतं, म्हटलं. आणि ओट्यावर झाकून ठेवलेल्या, गार होत चाललेल्या माझ्या ताटाकडे माझं लक्ष गेलं. त्या माउलीला कोणी अन्न दिलं असतं तर ती आणखी किती वर्षं त्या पहाटे जगली असती. माझ्या घरात ज्वारी आहे, नाचणी आहे, मंडईतून आणलेली मेथी आहे, कोनाड्यात सासूबाईंनी वळलेल्या अळिवाच्या लाडवांचा डबा आहे. मला कोणी उपाशी ठेवलेलं नाही. मी ते ताट रोज स्वतःच झाकून ठेवत होते आणि त्याला मुलांवरचं प्रेम म्हणत होते. गोष्ट अर्धी टाकून मी ताट घेतलं आणि त्या दोघांच्या मधे जमिनीवर मांडी घालून बसले. मुलांना गंमत वाटली. थोरल्यानं लिंबाची फोड आणून दिली. पुढची गोष्ट मी जेवता जेवता सांगितली, आणि घासामुळे मधे मधे थांबावं लागलं तर मुलं थांबली. चार वर्षांत मला कधी वाटलंच नव्हतं की ती थांबतील.

तेव्हापासून सगळं सुरळीत झालंय असं नाही. अडीच महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९ आलं. जिना चढून आल्यावर आता कुलूप उघडायच्या आधी थांबावं लागत नाही. सकाळी मुलं उठायच्या आत गच्चीवर अर्धा तास चालते. सिंहगडाच्या बाजूनं ढग उतरताना दिसतात आणि हवेत कुणाच्या तरी चुलीचा धूर असतो, तेवढा वेळ नवरा दूध आणि डबा बघतो. रविवारचं गणितही आता तोच घेतो. त्याची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी आहे आणि मला ती अजिबात पटत नाही, पण मी दाराआडून ऐकत उभी राहायचं सोडलंय. गोळ्यांनी पोट बिघडतं. काही दिवस गोळी राहते, काही दिवस चालणं राहतं, आणि आठवड्यातून एखादी दुपार तरी मी ओट्याशीच दोन घास कोंबते. धाकटी मग लांबूनच म्हणते, "आई, उभी." एवढंच. मला ते कानाला गोड लागतं आणि लागतंही.

संध्याकाळी हरिपाठाला बसतो. आजीसारखे सत्तावीस अभंग होत नाहीत. कधी पाच, कधी तीन, परवा तर एकच झाला आणि धाकटी माझ्या मांडीवर झोपून गेली. मी तशीच बसून राहिले. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, समईची वात एका बाजूनं काजळी धरत होती आणि माझे पाय मुंग्या येऊन जड झाले होते. काही मागितलं नाही, काही आठवलंही नाही. पंढरपूरला पाच-सात तास बारीत उभं राहिल्यावर त्या पायांवर डोकं टेकवायला मिळतं ना, पुजारी लगेच पुढे ढकलतो, पण तेवढ्यात कपाळाला जो गार स्पर्श होतो, तसं काहीतरी त्या मिनिटांत होतं.

ती 'माझी आई'ची वही मी जपून ठेवली आहे. समासातलं माझं 'दीर्घ' लाल अक्षरात तसंच आहे. ते खोडावंसं फार वाटलं, पण शुद्धलेखन तर बरोबरच होतं.

आज दुपारी मी नाचणीची भाकरी, मेथीची भाजी आणि दही घेऊन खाली बसले होते. धाकटी समोर बसून नकाशात गोदावरी रंगवत होती, निळा खडू बोटभर उरलेला. दुसराच घास घेतला असेल, तोच आत दूध उतू गेल्याचा तो ओळखीचा चर्र आवाज झाला आणि पाठोपाठ जळका वास. मी ताडकन उठले. गॅस बंद केला, ओट्यावरून खाली ठिबकणाऱ्या दुधाखाली फडकं टाकलं, पातेल्यात किती उरलंय ते पाहिलं. ओटा पुसून घ्यावा, बर्नर काढून धुवावा, सुकलं तर घासावं लागेल, हे सगळं हाताशी आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून धाकटी बघत होती, काही बोलली नाही. मी फडकं तिथेच ठेवलं, हात धुतले आणि परत येऊन ताटावर बसले. भाकरी अजून गरम होती.